अक्काचा आन्सरबॅक

माझा फोनवर विश्वास नाही. वाजला की मी आधी नंबर बघते, मग घड्याळ बघते, मग उचलते, आणि उचलल्यावर गप्प बसते. ज्याला गरज आहे त्यानं आधी तोंड उघडावं. मुलगा पुण्याहून म्हणतो, "आई, तू फोन उचलतेस की पंचनामा करतेस?" करते पंचनामा. सदुसष्ट वर्षांची बाई मुकुंदवाडी स्टेशनच्या मागं दोन खोल्यांत एकटी राहते, हे शोधून काढायला चोराला फार अक्कल लागत नाही. मग आपण तरी थोडी वापरावी की नाही?

मेसेजचं तर विचारूच नका. आमच्या बिल्डिंगमधल्या बायका बँकेचं नाव दिसलं की लगेच खालची निळी ओळ दाबतात. मी त्यांना बसवून शिकवलंय. बायांनो, मजकूर नंतर वाचा, आधी वर पाठवणाऱ्याची खूण बघा. दहा आकडी नंबर असेल तर ती बँक नाही, कुणीतरी भामटा आहे. खरी खूण कशी असते? आधी दोन अक्षरं, मग आडवी रेघ, मग पाठवणाऱ्याची ठरलेली सहा अक्षरं, आणि हल्ली शेवटी परत रेघ मारून एक अक्षर. पी असेल तर जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकारी. बायका हसतात. तळमजल्यावरची एक तर मला 'सीआयडी मावशी' म्हणते. म्हणू दे. तिचंच खातं गेल्या वर्षी थोडक्यात वाचलं, आणि ते माझ्यामुळं.

मला सगळ्यातच काहीतरी काळंबेरं दिसतं, हे कबूल. इंग्रजी मेसेज एकशेसाठ खुणांपर्यंत एका तुकड्यात जातो आणि मराठी सत्तरातच का संपतो, याचासुद्धा मी छडा लावला होता. बोटांवर मोजलं. काना वेगळा धरतात, वेलांटी वेगळी धरतात, 'की' म्हणजे दोन. आपल्या अक्षरांना जागा जास्त लागते म्हणे. मी रिचार्जच्या दुकानवाल्याला म्हटलं, जागा जास्त लागते की आमच्यासाठी कमी ठेवली? तो म्हणाला, "मावशी, रिचार्ज करायचाय का?"

हा स्वभाव जन्माचा नाही. तो मला चिकलठाण्याच्या कारखान्यात लागला. विशी ओलांडली तेव्हा मी तिथं टेलेक्सवर होते. आताच्या पोरांना टेलेक्स म्हणजे काय ते माहीत नाही. टाइपरायटरसारखं धूड, त्याला टेलिफोनसारखी लाईन. इथं टाइप केलं की मुंबईच्या ऑफिसात तसंच्या तसं उमटायचं. आधी कागदी पट्टीवर भोकं पाडून ठेवायची. पाच भोकांच्या जागेची एक रांग म्हणजे एक अक्षर. पाच जागांत बत्तीसच खुणा बसतात, म्हणून त्याच भोकांना एकदा अक्षर समजायचं आणि एकदा आकडा, आणि मधे एक कळ दाबून मशीनला सांगायचं की आता आकडे सुरू. मी ती पट्टी उजेडात धरून नुसत्या भोकांवरून मजकूर वाचायची. साहेब लोक बघायला यायचे.

पण टेलेक्सची खरी गंमत वेगळीच होती. लाईन लागली की एक ठरलेली कळ दाबायची. तिचा अर्थ एवढाच: तू कोण? मग पलीकडचं मशीन आपोआप, कुणी हात न लावता, आपली ठरलेली खूण छापून पाठवायचं. नंबर, कंपनीची अक्षरं, देशाची अक्षरं. त्याला आन्सरबॅक म्हणायचे. मशीनच्या आत एक दातेरी चाक असायचं, त्याचे दात मोडून मोडून ती खूण त्यात बसवलेली. पलीकडं माणूस झोपलेला असला तरी चाक खोटं बोलत नाही. सुरुवातीला आन्सरबॅक घ्यायचा, निरोप पाठवायचा, शेवटी परत घ्यायचा. दोन्ही जुळले तर निरोप पोचला.

एकदा मी एक महत्त्वाचं दरपत्रक पाठवायला बसले होते. लाईन लागली, खूण आली, सगळी बरोबर, फक्त एक अक्षर वेगळं. शेजारचा क्लार्क म्हणाला, "लाईनीत खरखर असंल, जाऊ द्या." मी तोडली. नंतर कळलं, नंबरातला एक आकडा चुकून ती आमच्याच धंद्यातल्या दुसऱ्या कंपनीला लागली होती. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. माझी छाती अशी फुगली की काय सांगू. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलं, एक अक्षर हुकलं की माणूस परका.

पुढं फॅक्स आला, टेलेक्स गेला, मी रिसेप्शनला बसले, मग रिटायर झाले. नवरा गेला. मुलगा पुण्याला. माझ्या माहेरचं आता एकच माणूस उरलंय, माझी थोरली बहीण. आम्ही तिला अक्का म्हणतो. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, फर्दापूरला एकटी राहते. तिचा नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. लेणी बघायला येणाऱ्यांच्या एका लॉजच्या भटारखान्यात तिनं तीस वर्षं भाकऱ्या थापल्या. चौथीतून तिची शाळा सुटली आणि मी मात्र शहरात येऊन टायपिंग शिकले, ते तिच्या त्या भाकऱ्यांवर. हे मी कधी तिला बोलून दाखवलं नाही. तिनंही कधी काढलं नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाईंना नातवाचा फोन आला. नातवाचाच आवाज, रडवेला. "आजी, मला पोलिसांनी धरलंय, आईला सांगू नको." बाईंनी खात्याचे आकडे, ओटीपी, मागेल ते सगळं सांगून टाकलं. नातू तेव्हा कॉलेजात पेपर लिहीत बसला होता. आवाज मशीननं केलेला होता. त्या रात्री मला डोळ्याला डोळा लागला नाही. आवाजावरसुद्धा भरवसा ठेवायचा नाही, तर ठेवायचा कशावर? आणि मग एकदम सुचलं. आन्सरबॅक!

मी घरातल्या प्रत्येकाला पाच अक्षरांची खूण दिली. फोन केला की मी विचारणार, "शब्द?" आणि त्यानं आपली खूण सांगायची. सांगितली तर बोलणं, नाही तर फोन बंद. मुलानं खो खो हसून ती फोनमध्ये लिहून ठेवली. सूनबाईनं दोनदा म्हणून दाखवली. अक्काला शिकवायला मात्र मी सिल्लोडमार्गे एसटीनं फर्दापूरला गेले.

"शब्द म्हंजी कसला शब्द?" तिनं विचारलं. चुलीपुढं बसली होती, हात पिठात.

मी सांगितलं. ती म्हणाली, "मग आपल्या गायीचं नाव ठिव की. ते कुनाला ठाव हाय? तुला नि मला."

"गायीचं नाव कुणालाही ओळखता येतं अक्का. अर्थ असलेला शब्द चालत नाही. बिनअर्थाचं पाहिजे. कुणाच्या बापाला सुचणार नाही असं."

आणि मी तिला दिलं: म, चार, ट, नऊ, व. आता ती खूण बाद झालीय म्हणून इथं लिहितेय, नाही तर मेले तरी लिहिली नसती.

अक्कानं पिठाचा पुढचा गोळा उचलला. मग म्हणाली, "तू शिकलेली हायेस बाई. तू म्हनशील तसं." आणि भाकरी थापता थापता पुटपुटायला लागली, म, चार, ट, नऊ, व. थापेगणिक एक अक्षर.

दर रविवारी ती फोन करायची. आमच्याकडं फोन लागला की हॅलोच्या आधी जयभीम. "जयभीम. म्या अक्का." मी म्हणायची, "शब्द?" ती सांगायची, आणि मगच मी विचारायची की जेवलीस का, गुडघा कसा आहे. बहुतेक वर्षभर तिनं एकदाही चूक केली नाही. मग हळूहळू अडखळायला लागली. एका रविवारी 'ट'वर येऊन थांबली. दुसऱ्या रविवारी म्हणाली, "आगं थांब, मघाशी म्हनत व्हते की." मी चिडले. "तुझं लक्षच नसतं अक्का. एवढी साधी गोष्ट. उद्या तुझ्या नावानं कुणी मला लुटलं तर?" ती म्हणाली, "व्हय व्हय, चुकलं." मला तेव्हा शंका आली ती एवढीच की ही मनावर घेत नाही. दुनियाभरच्या शंका घेणारी मी, नेमकी तिथं कमी पडले.

आणि मग तो मंगळवार. सकाळचे पावणेअकरा वाजले असतील. फोन वाजला, अनोळखी नंबर. उचलला, गप्प बसले. पलीकडं गलका, हॉर्न, कुणीतरी माइकवर काहीतरी ओरडतंय. मग अक्काचा आवाज.

"जयभीम. म्या अक्का."

माझे कान टवकारले. मंगळवार, रविवार नव्हे. नंबर तिचा नाही. आणि तिचा फोन असताना ती दुसऱ्याच्या फोनवरून का बोलेल? 'जयभीम' म्हणाली म्हणून मी विरघळेन असं वाटलं की काय यांना? मनात म्हटलं, बरीच माहिती काढलीय मेल्यांनी, जयभीमसुद्धा घातलंय.

"शब्द?" मी विचारलं.

पलीकडं नुसता गलका. मग हळू आवाजात, एकेक अक्षर वेचल्यासारखं, "म... नऊ... ट... चार... व."

अक्षरं तीच होती, आकड्यांची अदलाबदल. आता शहाण्या माणसानं काय विचार केला असता? की पाचही अक्षरं हातात असणारा चोर जगात असेल कुठून, ही माझीच बहीण आहे, गडबडलीय. तुम्ही असाच विचार केला असता. कुणीही केला असता. पण मी टेलेक्सवर बसलेली बाई. खूण जवळजवळ बरोबर येणं म्हणजे माझ्या लेखी सगळ्यात वाईट. सगळीच चूक असती तर मी एवढी घाबरले नसते. मला वाटलं, शब्द फुटला! अक्कानं कुणाजवळ तरी बडबड केली, त्यानं अर्धंमुर्धं ऐकलं, आता अंधारात दगड मारून बघतायत.

मी फोन तोडला.

मिनिटभरात परत तोच नंबर. आता पुरुषाचा आवाज. "हॅलो, ताई, सेंट्रल बसस्टँड से बोलतो मी. तुमच्या बहीण इथं बसल्यात, त्यांना घर आठवत नाय, तुम्ही जरा येता का?"

बघा! अगदी शिकवल्यासारखं. आधी ओळखीचा आवाज, मग मदत करणारा सज्जन, मग 'जरा या', आणि मी तिकडं गेले की इकडं कुलूप फोडायचं. हा डाव मी बायकांना दहादा समजावून सांगितलाय.

"मला बहीण-बिहीण कुणी नाही," मी म्हणाले. "परत फोन केलास तर पोलिसात देईन. लाज वाटत नाही म्हाताऱ्या बायकांना फसवताना?"

आणि नंबर ब्लॉक केला. थोड्या वेळानं दुसऱ्याच नंबरवरून फोन आला. तोही ब्लॉक केला. नंतर आलेले दोन मी उचललेच नाहीत.

खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला बरं वाटत होतं. जेवले, मस्त झोप काढली. चार वाजता बायका खाली बाकड्यावर जमल्या तेव्हा त्यांना सगळं साग्रसंगीत सांगितलं. आवाज कसा हुबेहूब होता, खूण कशी थोडक्यात हुकली, मी कशी तोडली. तळमजल्यावरची म्हणाली, "मानलं बाई तुला सीआयडी." मी हसले. वरच्या मजल्यावरच्या बाई, ज्यांना नातवाच्या आवाजानं फसवलं होतं, त्या मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आवाज घाबरलेला होता का हो?" मी म्हटलं, "ते घाबरलेलाच काढतात."

वर आले, चहा टाकला आणि कागद घेऊन अक्कासाठी नवीन खूण तयार करायला बसले. या वेळी सहा अक्षरं. मग तिला फोन लावला, तो आधी फैलावर घ्यायला आणि मग नवीन शब्द पाठ करून घ्यायला. बराच वेळ वाजला. उचलला तो तिच्या शेजारणीनं.

"अक्का कुठंय?" मी विचारलं.

"आता गं बया," ती म्हणाली. "सकाळच्या गाडीनं तुमच्याकडंच आल्यात की त्या. पोचल्या न्हाईत का?"

हातातली कपबशी मी कशी खाली ठेवली मला आठवत नाही. शेजारीण बोलतच होती. फोन चार्जिंगला लावलेला इथंच राहिला, आता वाजला म्हणून कुलूप काढून आत आले. महिनाभर त्यांचं काही खरं नाही. चूल पेटवून विसरतात. परवा स्वतःच्याच दाराशी उभं राहून मला विचारलं, हे कुणाचं घर. "काल रडल्या लई. म्हनल्या, माझं डोस्कं रिकामं व्हत चाललंय, फोनवर धाकटी रागावती, तवा समोर जाऊनच सांगते तिला."

सव्वापाच झाले होते. मी पायात चपला कशा घातल्या, कुलूप लावलं की नाही, देव जाणे. रिक्षावाला म्हणाला जालना रोडला ट्रॅफिक आहे, मी म्हटलं तू उड, पण ने. सहा-साडेसहा तास! पंच्याहत्तरी उलटलेली बाई, स्टँडवर, पोटात अन्न नाही, पाणी नाही, जवळ पिशवी एक, आणि त्या पिशवीच्या आतल्या बाजूला मीच मार्करनं लिहून दिलेला माझा नंबर. त्या नंबरवर तिनं बरोबर फोन केला होता. एवढं सगळं तिनं बरोबर केलं होतं.

क्रांती चौकाच्या सिग्नलला थांबलो तेव्हा मला टेलेक्स शिकवणाऱ्या बाई आठवल्या. त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, खूण जुळली नाही तर लाईन तोडायची, आणि तोडली की लगेच आपण स्वतः परत लावायची. दरपत्रकाच्या दिवशीसुद्धा मी तेच केलं होतं, तोडून परत लावली होती, म्हणून तर ते योग्य जागी पोचलं. आयुष्यभर मी लोकांना सांगत राहिले ते नियमाचं पहिलं अर्धं. सकाळी तोडल्यावर एक साधा फोन मी अक्काच्या नंबरवर लावला असता, तर शेजारणीनं तेव्हाच उचलला असता. मी स्वतःच्या तोंडात मारून घेतली, रिक्षात, खरंच. रिक्षावाल्यानं आरशात बघितलं.

स्टँडवर पोचले. फलाटांवर ही गर्दी. कुठं शोधू? सिल्लोडकडच्या गाड्या लागतात तिथं धावले. पाण्याच्या बाटल्या आणि चिक्की विकणाऱ्या एका गाड्याशेजारी, उलट्या क्रेटवर, अक्का बसली होती. पदर डोक्यावर, पिशवी मांडीवर, ओठ हलतायत. समोर अर्धी खाल्लेली चिक्की आणि पाण्याची बाटली. जिवंत आहे, बसलीय, कुणी काही केलं नाही, एवढंच मला दिसलं.

"अक्का!" मी तिचा हात धरला.

तोवर गाडेवाला मधे आला. पन्नाशीचा माणूस, दाढी पांढरी होत आलेली. "थांबा थांबा. आप कौन?"

"मी बहीण तिची."

"कशावरून?"

मी आयुष्यभर दुसऱ्यांना विचारलेला प्रश्न होता तो. पर्समधून आधार कार्ड काढलं. त्यानं नीट वाचलं. "यात सासरचं नाव आहे. मावशीचं आडनाव दुसरं आहे. यात कुठं लिहिलंय बहीण म्हणून?" कुठं लिहिलेलं असणार? माझ्या मोबाइलमध्ये अक्काचा एकही फोटो नव्हता. ती फोटो काढू देत नाही, आणि मीही कधी आग्रह केला नव्हता.

"तुमचा आवाज ओळखला मी," तो म्हणाला. आता तो चिडला होता, आणि आजूबाजूला चार माणसं थांबली होती. "सकाळी तुम्हीच बोलल्या ना, मला बहीण-बिहीण कुणी नाही? स्पीकरवर होता फोन, मावशीला कमी ऐकू येतं म्हणून. सगळं ऐकलं त्यांनी. माझ्या फोनवरून केला, कंडक्टरच्या फोनवरून केला, सब ब्लॉक! चौकीतल्या पोलिसांना आणलं, तर या उठायला तयार नाहीत. म्हणतात, धाकटी येईल. आता आलात, तर मी अशाच कशा देऊन टाकू? आजकाल काय काय चालतं तुम्हाला माहितीये?"

मला माहीत होतं. माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? मी रडायला लागले, भर स्टँडवर, आणि त्या माणसाला रडण्यावरही विश्वास नव्हता. मी त्याच्या जागी असते तर मीही ठेवला नसता.

शेवटी त्यानं अक्काच्या समोर वाकून विचारलं, "मावशी, या कोण तुमच्या?"

अक्कानं वर बघितलं. तिचे डोळे माझ्या तोंडावर फिरले, थोडे थांबले.

"माझी धाकटी," ती म्हणाली.

"मग सकाळी असं का बोलल्या त्या?"

"तिला बोलू नगा," अक्का म्हणाली. "तिचं काय चुकलं न्हाय. हल्ली लई फसवाफसवी हाय. तिला शब्द लागतो. माझ्या तोंडातून नीट निघाला नाय."

"चल अक्का घरी," मी म्हणाले. "ऊठ. चल."

ती उठेना. तिनं माझा हात हळूच बाजूला केला. "थांब. आदी शब्द सांगते. दिसभर घोकत बसलेय." तिनं डोळे मिटले आणि पिशवीवर एकेक बोट टेकवत म्हणाली, "म. नऊ. ट. चार. व."

मग डोळे उघडून माझ्याकडं बघायला लागली. पेपर लिहून बाईंपुढं धरलेल्या पोरीसारखी.

"बरोबर, अक्का," मी म्हणाले. "अगदी बरोबर."

ती हसली. पिशवी उचलली, उठायला लागली, आणि अर्ध्यावरच थांबली. कपाळाला आठी पडली.

"सकाळीबी म्या हेच म्हनले व्हते," अक्का म्हणाली. "मग फोन ठिवलास कामून?"